हिरोज ४ अर्धवटच बाजारात आणला होता म्हणतात, आता खेळण्यात अर्थ आहे का?

रात्रपाळी

मंडळी एक शंका आहे. हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक या कॉम्प्युटर गेमचा तिसरा भाग मी कॉलेजात असताना किती खेळलोय ते सांगत नाही, घरचे वाचतील. हॉस्टेलवर एकच कॉम्प्युटर, आम्ही चौघं, एकाची टर्न चालू असली की बाकी तिघांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं असा कडक नियम आणि तरी कुणीतरी मागच्या काचेतून बघायचाच. मग नोकरी, लग्न, सगळं बंद पडलं. आता मुलगी साडेनऊला झोपते, बायकोचं वाचन चालू असतं, मला दहा ते बारा असे दोन तास मिळतात आठवड्यातले तीन-चार दिवस.

जीओजीवर (गेम विकणारी वेबसाइट) सेल लागलाय आणि चौथा भाग दोन्ही एक्स्पान्शनसकट (नंतर आलेल्या पुरवण्या) अगदी स्वस्तात दिसतोय. घेणारच होतो पण मग वाचत बसलो (ही चूक) तर सगळीकडे हेच की २००२ मधे तो पूर्ण व्हायच्या आधीच विकायला काढला, कंपनीची हालत खराब होती, अमुक नव्हतं तमुक नव्हतं. काहीजण त्याला शिव्या घालतायत आणि काहीजण म्हणतात सगळ्या भागांत हाच आवडता. अरे मग नक्की काय?

पैशाचा प्रश्न नाहीये, वेळेचा आहे. "तिसराच बेस्ट" असं एका ओळीत लिहून पळू नका प्लीज, ते मलाही माहीत आहे.

संत्राबर्फी

तिसराच बेस्ट.

बरं नाही पळत, लिहितो. नको घेऊ बे. आमच्याकडे तो आला तेव्हा मी अकरावीत होतो, नागपुरात, एका मित्राने कुठून तरी डिस्क आणली आणि आम्ही तिघं भर उन्हात सायकली हाणत त्याच्या घरी. का तर तिसऱ्यासारखी आपसात मारामारी करू. मेनू उघडून शोधून राहिलो, शोधून राहिलो, मल्टीप्लेअर कुठंच नाही! आम्हाला वाटलं डिस्क खोटी. नंतर कळलं की तो प्रकार मुळातच टाकलेला नव्हता, मागाहून पॅचमधे (दुरुस्तीच्या फाइलीत) आला. आता तेव्हा पॅच उतरवायचा म्हणजे सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून बसायचं, डाउनलोड नव्वद टक्क्यावर आला की लाईट जायची. आम्ही चौघं शेवटी कॅरम खेळलो.

लग्नाला वऱ्हाड येऊन मांडवात बसलं आणि आचारी अजून कांदेच चिरून राहिला, तसा गेम आहे तो. आणि जेवण आलं तरी काय, कॉम्प्युटरचा हिरो तुझ्या किल्ल्याच्या दारापर्यंत येतो, बघतो, आणि परत जातो. कशाला आला होता बाबा? पाणी प्यायला?

लपलेला_चोर

वरच्या प्रतिसादातलं मल्टीप्लेअरचं आणि एआयचं (म्हणजे कॉम्प्युटर स्वतः खेळतो त्याचं) दोन्ही खरं आहे, वाद नाही. पण या गेमबद्दल लोक बोलतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात, आणि रात्रपाळी, तुझा गोंधळ त्यामुळेच होतोय असं मला वाटतं. एक म्हणजे जे करायला वेळच मिळाला नाही ते. दुसरं म्हणजे जे त्यांनी ठरवून बदललं ते. पहिल्याला अर्धवट म्हण, दुसऱ्याला अर्धवट म्हणता येत नाही, ते आवडतं किंवा आवडत नाही एवढंच.

वेळ न मिळालेलं आधी सांगतो. मार्च २००२ मधे हा आला. बनवणारे न्यू वर्ल्ड कम्प्युटिंग, म्हणजे जॉन व्हॅन केनिगेमची मूळ टीम, पण ती तेव्हा थ्रीडीओच्या मालकीची होती आणि थ्रीडीओचा खिसा फाटला होता. त्याच महिन्यात त्याच स्टुडिओचा माइट अँड मॅजिक ९ सुद्धा बाहेर काढला आणि तो तर याच्याहून कच्चा होता, म्हणजे बघ काय घाई असेल. मल्टीप्लेअर नाही. तिसऱ्यातला तो रँडम मॅप बनवून देणारा जो प्रकार होता तो नाही, आणि तो नंतरही कधी आला नाही. एआय आळशी. बॅलन्स (सगळ्यांची ताकद सारखी ठेवणं) तर देवाच्या भरवशावर, नेक्रोपोलिस या मेलेल्यांच्या गावाचे व्हँपायर एकदा जमले की समोरच्याने घरी जावं. नंतर वर्षभरात द गॅदरिंग स्टॉर्म आणि विंड्स ऑफ वॉर अशी दोन एक्स्पान्शन आली, मे २००३ मधे थ्रीडीओने दिवाळखोरी जाहीर केली आणि मालिकेचे हक्क युबिसॉफ्टने १३ लाख डॉलरला उचलले. म्हणजे घर पूर्ण बांधायच्या आधीच बिल्डर गेला, नवीन मालकाने शेजारच्या प्लॉटवर दुसरं बांधलं (पाचवा भाग, २००६), हे तसंच राहिलं.

आता ठरवून बदललेलं. तिसऱ्यात हिरो, म्हणजे फौजेचा सेनापती, घोड्यावर बाजूला उभा राहून मंत्र टाकतो, इथे तो स्वतः मैदानात उतरतो, मार खातो, मरतो. एका फौजेत दोन-तीन हिरो ठेवता येतात, किंवा एकही नाही, नुसते लांडगे पाठव खाण ताब्यात घ्यायला. क्रीचर (फौजेतले प्राणी-सैनिक) अपग्रेड होत नाहीत. त्याऐवजी पहिल्या पातळीचे दोन्ही मिळतात आणि पुढच्या प्रत्येक पातळीला दोनपैकी एकच निवडायचा. प्रिझर्व्ह हे गाव घेतलंस तर पांढरे वाघ की एल्फ, ग्रिफिन की युनिकॉर्न, फीनिक्स की फेअरी ड्रॅगन. एक बांधलं की त्या गावात दुसरं कायमचं गेलं. कॅराव्हॅन लावून गावातून सैन्य मागवता येतं, तिसऱ्यातली ती हिरोंची साखळी लावून हातोहात सैन्य पोचवायची हमाली संपली. क्रीचर आठवड्याला एकदम न वाढता रोज थोडे वाढतात. मारामारीत दोघं एकाच वेळी एकमेकांना मारतात, त्यामुळे "आधी कोण मारणार" हा तिसऱ्याचा अर्धा खेळच बाद.

यातलं काहीही घाईत झालेलं नाही. आणि माझं प्रामाणिक मत, यातल्या निम्म्या कल्पना तिसऱ्यापेक्षा चांगल्या आहेत, फक्त त्यांना घासूनपुसून चालत्या करायला आणखी एक वर्ष पाहिजे होतं.

संत्राबर्फी

@लपलेला_चोर सगळं मान्य, पण आणखी एक वर्ष पाहिजे होतं हेच तर अर्धवट असणं झालं ना. तू एवढा मोठा निबंध लिहून माझ्याच बाजूने बोलून राहिला.

लपलेला_चोर

हो, थोडं तसं झालंय खरं. पण तू कॅरम खेळलास म्हणून गेम वाईट ठरत नाही, एवढंच म्हणतोय. रात्रपाळीला आता चौघं मित्र मिळणार नाहीत, तो एकटाच खेळणार आहे रात्री. त्याच्यासाठी मल्टीप्लेअर असलं काय नसलं काय.

उंदीरमामी

मला पुरुषमंडळींचं हे बॅलन्स प्रकरण कधी कळलं नाही. मी चौथा सगळा खेळलेय, सहाच्या सहा कॅम्पेन (गोष्टीने जोडलेले सलग मॅप), आणि एकदाही कुणा माणसाविरुद्ध खेळले नाही. माझ्यासाठी तो गोष्टींचा गेम आहे.

सुरुवातच बघा ना. तिसऱ्यातलं ते सगळं जग, एरेथिया वगैरे, तुम्ही चौघांनी भिंतीकडे तोंड करून ज्यासाठी भांडलात ते, पहिल्या पाच मिनिटात नष्ट होतं. गेलूच्या हातात आर्मगेडन्स ब्लेड, किलगोरच्या हातात स्वोर्ड ऑफ फ्रॉस्ट, दोन तलवारी भिडल्या आणि जग फुटलं. जे वाचले ते दारांमधून ॲक्सिऑथ नावाच्या नव्या जगात. म्हणजे सगळे विस्थापित. आणि मग प्रत्येक गावाची एक गोष्ट. एमिलिया नावाची काच बनवणारी साधी बाई राणी होते आणि तिच्यासमोर गॅव्हिन मॅग्नस, जो अमर आहे, शहाणा आहे आणि ज्याला सगळ्यांच्या डोक्यातलं भांडणच काढून टाकायचंय म्हणजे शांतता होईल. तो खलनायक वाटतच नाही आधी, हेच भारी आहे. गॉल्डोथ अर्धा मेलेला आहे, खरंच अर्धा, आणि स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो, इतकं तिरकस बोलतो की मी नेक्रोमॅन्सरच्या (मेलेल्यांना उठवणाऱ्या जादूगाराच्या) बाजूने कधी झाले कळलंच नाही. चित्रफिती वगैरे फारशा नाहीत, मॅपवर फिरताना मधेमधे मजकूर उघडतो तो वाचायचा. वाचायचा कंटाळा असेल तर मग सोडा, निम्मा गेम तिथेच आहे.

आणि संगीत. पॉल रोमेरो आणि रॉब किंग. गाव उघडलं की मी पाच मिनिटं काही बांधतच नाही, ऐकत बसते. हेडफोन लावा मात्र, मुलगी उठेल म्हणून आवाज बंद ठेवून खेळणार असाल तर तुम्ही पैसे वाया घालवताय.

दिसायला मात्र तिसऱ्याइतका गोड नाही. ते एक मला पण आवडलं नाही. माणसं प्लॅस्टिकची वाटतात आणि मॅप तिरका असल्यामुळे डोंगरामागे काय पडलंय ते दिसत नाही, मी एकदा एक खजिन्याची पेटी तीन आठवडे शोधत होते ती झाडामागे होती.

चहाचा_टॅक्स

संगीताला +१. मी गेम न लावता नुसतं संगीत लावून ऑफिसचं काम करतो. टीममधल्यांना वाटतं ध्यान करतोय.

रात्रपाळी

वा, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. उंदीरमामी, ती जग फुटल्याची बातमी मला अशी द्यायला नको होती हो, गेलू माझा आवडता हिरो होता.

चोरभाऊ, तुझी ती दोन पोत्यांची मांडणी पटली. मला बदललेल्या गोष्टींची भीती नाही, उलट उत्सुकता आहे. भीती एआयची आहे. म्हणजे समोरचा काही करतच नसेल तर मी रात्री जागून कुणाशी लढतोय? आणि हिरो मरतो म्हणजे नक्की काय होतं, कायमचा जातो का? तीन आठवडे वाढवलेला माणूस एका चुकीने गेला तर मी गेम काढून टाकीन, मी स्वतःला ओळखतो.

लपलेला_चोर

कायमचा नाही जात. लढाई जिंकलास आणि हिरो त्यात पडला तर तो फौजेबरोबरच राहतो, मेलेला, गावात नेलास की उठतो. लढाईच हरलास तर शत्रूच्या तुरुंगात, ते गाव घेतलंस की सुटका. आणि अमरत्वाचं औषध मिळतं, पोशन ऑफ इमॉर्टॅलिटी, ते पिऊन उतरलं की एकदा मेला तरी उठून उभा. सुरुवातीला सोन्यातला मोठा वाटा त्याच्यावर जाणार आहे हे धरून चाल.

पण मजा अशी की काही दिवसांनी भीती उलटी होते. हिरोला कॉम्बॅट शिकवत गेलास की तो एवढा दणकट होतो की एकटाच ड्रॅगनच्या कळपात घुसून कापून बाहेर येतो, सैन्य नुसतं शोभेला. यालाच मी बॅलन्स देवाच्या भरवशावर म्हणालो. पहिल्यांदा असं झालं की छाती फुगते, पाचव्यांदा जांभई येते. माझा उपाय साधा आहे, एका हिरोला सगळं शिकवायचं नाही. जादूवाला वेगळा, लढणारा वेगळा, आणि तिसरा गावातला कारभारी लॉर्ड, जो बाहेर पडतच नाही, नुसतं उत्पन्न वाढवतो.

एआयचं खरं उत्तर असं. मोकळ्या मॅपवर (कॅम्पेनबाहेरच्या सुट्या) एकटा खेळलास तर संत्राबर्फी म्हणतो तेच होईल, शेवटी शेवटी तू एकटाच हिंडत राहशील. कॅम्पेनमधे त्याचा त्रास कमी होतो, कारण तिथे शत्रूला आधीच जास्त सैन्य, जास्त गावं दिलेली असतात, तो नुसता बसून राहिला तरी तुला ओझं वाटतं. अवघडपणा एक पायरी वर ठेव. आणि इक्विलिब्रिस नावाचा मॉड आहे, चाहत्यांनी बनवलेला, फुकट. त्याने युनिटं, मंत्र, कौशल्यं यांची बरीच डागडुजी केलीय आणि व्हँपायरना लगाम घातलाय. एआय पूर्ण बरा करणं त्यांच्याही हातात नाही, मूळ कोड त्यांच्याकडे नाही, बाहेरून जेवढं ठोकता येईल तेवढं ठोकलंय. माझा सल्ला, पहिलं कॅम्पेन मॉडशिवाय खेळ, मग लाव. नाहीतर काय दुरुस्त केलंय तेच कळणार नाही.

पंचगंगेचा_ओर्क

भावांनो थोडं विषय सोडून. तेव्हा निदान डिस्कवर गेम पूर्ण आहे असं लोकांना वाटायचं तरी, आता तर अर्धवट गेमला अर्ली ॲक्सेस अशी पाटी लावून उघड विकतात आणि आपण आनंदाने घेतो. पण खरं सांगू का मला पाटीवालं बरं वाटतं. साँग्ज ऑफ कॉन्क्वेस्ट घ्या, हिरोजच्याच घराण्यातला, स्वीडनच्या पोरांनी बनवलेला, मे २०२२ मधे अर्धा विकला आणि मे २०२४ मधे पूर्ण केला. दोन वर्षं लोक खेळत होते, बोंबलत होते आणि ते दुरुस्त करत होते. थ्रीडीओला ही सोय असती तर चौथा आज लय भारी झाला असता. तेव्हा दुकानात खोकं गेलं की गेलं. पॅच काढला तरी किती जणांपर्यंत पोचणार, संत्राबर्फी अजून सायबर कॅफेतच बसलाय.

आणि दादा, तिसराच परत खेळायचं ठरलं तर एक सांगतो, स्टीमवरचा २०१५ चा एचडीवाला घेऊ नका. त्यात आर्मगेडन्स ब्लेड आणि शॅडो ऑफ डेथ ही दोन्ही एक्स्पान्शन नाहीत. जीओजीवरचा कम्प्लीट घ्या, त्याच्यावर हॉर्न ऑफ द ॲबिस हा मॉड टाका. तो पण चाहत्यांनीच केलाय आणि नाद खुळा केलाय. गंमत बघा, जो गेम पूर्ण होता त्यालाच पोरांनी इतकी वर्षं सजवलं आणि ज्याला गरज होती त्याच्याकडे मोजकेच लोक गेले.

संत्राबर्फी

@पंचगंगेचा_ओर्क सायबर कॅफे कधीचा बंद झाला, तिथं आता मोमोचं दुकान आहे.

आणि शेवटचं वाक्य बरोबर बोलला. चोर आणि मामी दोघं मिळून मला पटवून राहिले की कथा चांगली, कल्पना चांगल्या. मी कुठं नाही म्हटलं? मी म्हणतो दोन तासातला अर्धा तास जर त्याच्या चुका सांभाळण्यात, स्वतःच स्वतःला नियम घालण्यात (याला हे शिकवू नको, त्याला ते शिकवू नको) गेला तर तो खेळ झाला का उपास? तिसऱ्यात मला स्वतःला बांधून घ्यावं लागत नाही. पूर्ण ताकदीने खेळलो तरी तो पुरून उरतो.

उंदीरमामी

उपासाचे पदार्थच जास्त चविष्ट असतात हे विसरताय.

लपलेला_चोर

संत्राबर्फीचा हा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. मी चौथा खेळतो तेव्हा कायम डोक्यात एक हिशोब चालू असतो की कुठे दुबळं आहे आणि तिथे जोर द्यायचा नाही. जुन्या घरात राहणाऱ्याला कशी कुठली फरशी हलते ते माहीत असतं तसं. मला त्याची सवय झाली, तिची गोडीही लागली, पण नवीन माणसाला ते सांगताना जरा लाजच वाटते.

तरी रात्रपाळी, तू घे. तिसऱ्याची तुला सगळी उत्तरं पाठ आहेत. इथे निदान दोन आठवडे तुला काहीच येणार नाही, आणि त्या वयातलं ते "हे काय आहे आता" असं वाटणं परत मिळणार आहे. गॉल्डोथपासून सुरू कर किंवा एमिलियापासून. एल्विनची प्रेमकथा नंतर. मोकळे मॅप सगळ्यात शेवटी किंवा कधीच नको.

रात्रपाळी

घेतला. उशीर झाला लिहायला, तीन आठवडे झाले.

एमिलियापासून सुरू केलं. पहिले दोन दिवस नुसती चिडचिड, बोट जुन्या सवयीने अपग्रेडचं बटण शोधत होतं, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे. मग एकदा जादूगार आणि सोन्याचे गोलेम यातलं एकच निवडायचं असा प्रसंग आला आणि मी वीस मिनिटं नुसता बघत बसलो. तिसऱ्यात मी दोन्ही बांधून मोकळा झालो असतो. बायकोने विचारलं हँग झालाय का, म्हटलं गेम नाही, मी. जादूगार घेतले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना लोकलमधे वाटलं गोलेम घ्यायला पाहिजे होते.

कॅराव्हॅनची सोय इतकी आवडली की आता तिसऱ्याकडे परत जाववेल की नाही शंका आहे. मामी, संगीताचं तुम्ही कमीच सांगितलंत. मॅग्नसबद्दल अजून काही सांगू नका, मी तिथे पोचलो नाहीये.

एआयचं मात्र ऐका. संत्राबर्फी, तुमच्या भरवशावर मी काल मागचं एक गाव रिकामं सोडलं. शत्रूचा हिरो दारात येऊन उभा राहिला. एक टर्न. दुसरा टर्न. परत गेला. मी हसलो, सगळं सैन्य काढून पुढे नेलं, कारभारी लॉर्डसुद्धा बरोबर घेतला जरा हवापालट म्हणून. दोन दिवसांनी तो परत आला आणि आत शिरला. लॉर्ड नाही, गाव नाही, परतीची कॅराव्हॅन तिकडूनच निघणार होती ती पण नाही.

संत्राबर्फी

खरंच आत शिरला? अवघडपणा कितीवर ठेवला होता बे?

रात्रपाळी

चोर म्हणाला होता एक पायरी वर. मी दोन ठेवल्या.

संत्राबर्फी

थांब जरा. सेल आहे का अजून?